इमूच्या शेजारचं चित्र

ऑकलंडमधल्या माउंट रॉस्किलच्या ज्या छपाईच्या दुकानात मी काम करते तिथे बहुतेक दिवस टेकअवेचे मेनू आणि घरं विकणाऱ्या एजंटांची पत्रकं छापण्यात जातो. म्हणून मे महिन्यात एका म्हाताऱ्या बाईंनी काउंटरवर फोन ठेवून, "याचं कार्ड छापायचंय, पण काळा रंग काळाच यायला हवा," असं इंग्रजीत सांगितलं तेव्हा मी मान वर केली. फोनवर एका चित्राचा फोटो होता. त्यांनी माझ्या बॅजवरचं आडनाव वाचलं आणि लगेच मराठीवर आल्या.

"कुठली गं तू?"

"इचलकरंजी."

"म्हणजे शेजारचीच. मी सांगलीची. मागच्या दुकानात माझ्या काळ्याचा चॉकलेटी करून दिला."

नुसत्या काळ्या शाईनं छापलेला मोठा भाग करडा दिसतो, त्याखाली निळ्या शाईचा एक हात द्यावा लागतो. मी तसा एक नमुना काढून दिला. त्यांनी तो खिडकीशी नेऊन पाहिला आणि रविवारी पोहे खायला बोलावलं.

त्यांना मी बाईच म्हणते. सांगलीच्या एका शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या. नंतर नवऱ्याला ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्सच्या पार आतल्या भागात, खाणीवर नोकरी लागली. बाईंची पदवी तिथे चालेना, तेव्हा त्या गावच्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात लागल्या आणि सतरा वर्षं तिथेच राहिल्या. नवरा गेल्यावर मुलगा त्यांना ऑकलंडला घेऊन आला. आता त्या हिल्सबरोला मुलाच्या घरी असतात आणि गॅरेज त्यांचं आहे. गाडी बाहेर पावसात उभी असते.

गॅरेजमध्ये नऊ चित्रं होती. सत्तरीपर्यंत बाईंनी कृष्णेचे घाट आणि फुलदाण्या काढल्या, त्या गठ्ठा बांधून माळ्यावर टाकलेल्या. ही नऊ त्यानंतरची. कॅनव्हास आधी पूर्ण काळा करायचा. कागदाचा आकार कापून त्यावर ठेवायचा. मग टूथब्रश पांढऱ्या रंगात बुडवून कंगव्यावर घासायचा, म्हणजे बारीक शिंतोडे उडतात. कागद उचलला की खाली आकार काळाच राहतो. आपल्याकडे शाळेत पिंपळाचं पान ठेवून हेच करायला लावतात. बाईंनी पानाऐवजी इमू ठेवला होता. आकाशगंगेच्या मधोमध जे काळे पट्टे दिसतात त्यांचा झालेला इमू: डोकं त्रिशंकूच्या चार ताऱ्यांशेजारच्या काळ्या डागात, मान खाली उतरत गेलेली, पुढे अंग. एका चित्रात तो धावत होता, एकात अंड्यांवर बसला होता.

ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांची ही गोष्ट मी वाचली होती. म्हणून पोह्यांची बशी हातात असतानाच विचारलं, "बाई, ही त्यांची गोष्ट. तुम्ही ती का काढायची? परवानगी घेतलीत?"

"आधी खा. गार झाल्यावर चिडलीस तर पोहेही वाया जातील."

"मी चिडलेली नाही."

"मग बशी कशाला खरवडतेस?"

त्यांनी मला मैत्रिणीबद्दल सांगितलं. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात दोघी बटाटे सोलायच्या. मैत्रीण तिथल्याच मूळ लोकांपैकी. हिवाळ्यात संध्याकाळची पाळी संपल्यावर मागच्या दाराशी उभ्या असताना ती बाईंना म्हणाली, तू उजेडाकडे बघतेस, मधल्या अंधाराकडे बघ. मग बोटानं इमू दाखवला. तो आकाशात कसा पडलाय त्यावरून खाली अंडी शोधायला कधी निघायचं ते कळतं, हेही सांगितलं. "ही सगळ्यांना सांग, तुझ्या पोरांनाही सांग, असं ती म्हणाली. झाली परवानगी?"

"आणि त्यांच्या चित्रांतले ठिपके?"

"ठिपके त्यांचे. त्याला मी हात लावलेला नाही. हे शिंतोडे आहेत. शाळेतले."

मातारिकीच्या, म्हणजे इथल्या माओरी नववर्षाच्या, सुट्टीच्या आसपास जवळच्या वाचनालयातल्या हॉलमध्ये या चित्रांचं प्रदर्शन होतं, बाईंच्या आयुष्यातलं पहिलं. हात थरथरायला लागला होता, त्यामुळे शेवटचंही, असं त्या सहज म्हणायच्या. त्यांना एकच हवं होतं. नववं चित्र सगळ्यात मोठं होतं, गॅरेजच्या दाराएवढं, आणि गॅरेजमध्ये चार पावलं मागे गेलं की पाठ वॉशिंग मशीनला लागायची. ते चित्र त्यांनी कधी लांबून पाहिलंच नव्हतं. वाचनालयाचा हॉल लांब होता. "तिथं शेवटच्या खुर्चीवर बसून बघेन," त्या म्हणायच्या.

प्रदर्शनाचं पत्रक मी लिहायचं ठरलं. मराठीत एक, इंग्रजीत एक.

पत्रक माझ्या घरचा विषय. बाबा यंत्रमागावर होते आणि चळवळीत होते. आमच्याकडे पाहुणा आला की चहाच्या आधी त्याच्यासमोर पत्रकांचा गठ्ठा यायचा, घड्या घालायला. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरून, आणि मतंही तिथूनच आली. त्यातलं सगळ्यात पक्कं मत हे, की ज्ञान कुलपात ठेवणं हा गुन्हा आहे. अमक्यानं ऐकायचं नाही, तमक्यानं शिकायचं नाही, हे आमच्या मागच्या पिढ्यांनी सोसलं आणि म्हणून आमचं घर छापत राहिलं.

नवव्या चित्राबद्दल मी प्रत्येक रविवारी विचारायचे. ते इमूच्या शेजारीच टेकवलेलं असायचं आणि त्यात इमू नव्हता. बाई म्हणायच्या, ते राहू दे. चौथ्या रविवारी त्यांनी मशीनवरचं कपड्यांचं टोपलं खाली ठेवलं, मला तिथे बसवलं आणि म्हणाल्या, "मराठीत सांगते. मराठीत सांगितलं तर सांगितल्यासारखं होत नाही."

अर्धा तास सांगत होत्या. इतकी वर्षं ती गोष्ट त्यांनी कुणाला ऐकवली नव्हती, ते त्यांच्या आवाजावरून कळत होतं. गोष्ट काय होती ते मी इथे लिहिणार नाही. संपल्यावर म्हणाल्या, "ही तिच्या घरातल्या बायकाच सांगतात. तिनं मला ऐकवली. पुढे सांग असं म्हणाली नाही."

बसमध्ये माझं डोकं तापलं होतं. इतकी सुंदर गोष्ट, आणि ती ठरावीक घरात कोंडून ठेवायची? मला ते तोंडपाठ असल्यासारखं ओळखीचं वाटलं.

आठ चित्रांचा मजकूर मी बाईंना दाखवला. त्यांनी दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि बरं आहे म्हणाल्या. छपाईच्या आदल्या दिवशी मी मराठी पत्रकाच्या मागच्या पानावर अकरा ओळी वाढवल्या. नवव्या चित्राची गोष्ट. ते प्रूफ मी दाखवलं नाही. बाई काय म्हणतील ते मला माहीत होतं, म्हणूनच दाखवलं नाही. बुधवारी तीनशे प्रती छापल्या. संध्याकाळी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. मी कॅमेऱ्यासमोर गठ्ठा धरला.

"छापून झालं ना?" बाबा म्हणाले. "मग घरात काय करतंय? पत्रक घरात झोपलं की मेलं."

मी पत्रकाची पीडीएफ मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकली.

गुरुवारी दुकानातून सुटून खोकं घेऊन हिल्सबरोला गेले. बाईंनी भिंग लावून पुढचं पान वाचलं, आतलं वाचलं, मागचं उलटलं. मागचं त्यांनी दोनदा वाचलं.

"हे कुणी घातलं?"

"मी."

"मला का नाही दाखवलंस?"

"तुम्ही काढायला लावलं असतं."

"म्हणजे माहीत होतं."

माझं भाषण तयार होतं, ते मी केलं. म्हटलं, "ऐकलं म्हणून कानात शिसं ओता, असं लिहून ठेवणाऱ्या देशातून आपण आलोय. ही गोष्ट ह्यांनीच सांगायची, त्यांनी नाही, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. कुणीही म्हणो."

"फिरू दे. पण शिसं कुणाच्या हातात होतं ते तरी बघशील?" बाईंचा आवाज चढला नव्हता. "तिच्या आजीची जमीन गेली. आईची भावंडं सरकारनं उचलून नेली, घरची भाषा बोलली तर मार. एवढं सगळं नेल्यावर जे घरात उरलं त्यातलं एक तिनं मला बटाटे सोलता सोलता ऐकवलं. आणि तू ते वाचनालयात वाटायला निघालीस. फुकट."

"मराठीत आहे बाई! तिकडे कोण वाचणार?"

हे बोलून झाल्यावर माझं मलाच ऐकू आलं. इथल्या मराठी घरांमध्ये मुलं इंग्रजीत उत्तर देतात म्हणून मी आईबापांशी भांडते. मराठीत जगातलं काहीही लिहिता येतं, असं मी तीन-चार जेवणांमध्ये जेवण थांबवून सांगितलेलं आहे. आणि वेळ आल्यावर माझा बचाव काय, तर मराठीत लिहिलेलं कुणापर्यंत पोचत नाही.

बाई हसल्या, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "हेच मी मला सांगितलं. तुला सांगताना. मराठीत आहे, चालतंय. त्या दिवशी मीच दार उघडं टाकलं. तू नुसती आत शिरलीस."

तेवढ्यात माझा फोन वाजला. मंडळाच्या सचिवांचा मेसेज होता. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला, कारण आता लपवण्यात अर्थ नव्हता. "अतिशय छान माहिती. मेलबर्नच्या मंडळालाही पाठवली आहे. तिकडे खूप लोकांना आवडली."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. म्हणाल्या, "आता तिला फोन करायला हवा."

त्यांनी मैत्रिणीला दीड वर्ष फोन केला नव्हता. नववं चित्र सुरू केल्यापासून. फोन स्पीकरवर ठेवला. बोलणं इंग्रजीत झालं, मी मराठीत लिहिते आहे.

"जिवंत आहेस अजून?" तिकडून आवाज आला.

"आहे. तू?"

"गुडघे सोडून."

बाईंनी काही गुंडाळलं नाही. नऊ चित्रं काढली, आठ इमूची, नववं त्या गोष्टीचं. एका मुलीला गोष्ट सांगितली. तिनं ती छापली. मेलबर्नला गेली. तिकडे टीव्हीवर घोड्यांच्या शर्यतीचं समालोचन चालू होतं.

"केवढं चित्र आहे?"

"गॅरेजच्या दाराएवढं."

"एवढं मोठं काढायला कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही."

"हं. त्या मुलीला दे."

मी फोन हातात घेतला. "तू छापलंस?" "हो." "का?"

मराठीत माझ्याकडे पाऊण तासाचं उत्तर होतं. इंग्रजीत एवढंच निघालं, की लोकांना कळायला हवं असं वाटलं.

"कुठल्या लोकांना?"

मग तीच म्हणाली, "गोळा कर. सगळं नाही होणार. होईल तेवढं कर." चित्राचं तिची मोठी बहीण ठरवेल, ते एकटीनं ठरवायचं नसतं, आणि बहीण नातीकडे गेली आहे, वेळ लागेल. तोवर चित्राचं तोंड भिंतीकडे.

"शनिवारी प्रदर्शन आहे," बाई म्हणाल्या.

"मग शनिवारी ते नसेल."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, बाई, बहीण हो म्हणेलच, हॉलमध्ये नुसतं नेऊन तर ठेवू, कापड टाकून ठेवू. बाई उठल्या आणि चित्राची एक बाजू धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मी दुसरी बाजू धरली. आम्ही ते फिरवून भिंतीला टेकवलं.

गोळा करणं हे वाटण्यापेक्षा फार वेगळं काम आहे, ते मला आधी कधी करावं लागलं नव्हतं. ग्रुपवरचा मेसेज मी काढला, पण लोकांनी पीडीएफ उतरवून घेतली होती. एकेकाला फोन केला. काढून टाका म्हटलं की माणूस आधी वाचतो. एका काकूंनी तर फोन चालू असतानाच वाचायला घेतलं. सचिव गोंधळले होते.

"माहिती चुकीची होती का?"

"नाही, बरोबर होती."

"मग अडचण काय?"

"आपली नव्हती."

"अहो, इंटरनेटवर कुणाचं काय असतं? ज्ञान आहे, वाटावं."

माझंच वाक्य होतं, फक्त त्यांच्या तोंडी ते फार सोपं वाटत होतं. त्यांच्याशी भांडायचा मला हक्क नव्हता. मी नुसती विनंती करत राहिले. ते चांगले गृहस्थ आहेत, त्यांनी मेलबर्नला फोन केला आणि तिकडच्यांनी काढल्याचं मला कळवलं. किती जणांनी आधीच पुढे धाडलं होतं ते कुणालाच सांगता येणार नाही. अजूनही एखाद्या फोनमध्ये त्या अकरा ओळी असतील. त्या मी लिहिल्या आहेत.

तीनशे प्रती दुकानाच्या यंत्रात घालून त्यांचे बारीक तुकडे केले. आठ चित्रांचा साधा एकपानी कागद नव्याने छापला. बाबांनी विचारलं, वाटून झाली का? मी हो म्हटलं. बाबांशी मी फार कमी वेळा खोटं बोलले आहे.

शनिवारी हॉल बऱ्यापैकी भरला. मंडळातले लोक आले, आसपासचे आले, बाईंच्या रस्त्यावरचं एक सामोअन कुटुंब केक घेऊन आलं. एक गृहस्थ इमूसमोर उभे राहून बायकोला सांगत होते, "माझ्या मामानं पाळले होते हे. पाळायला लावणारी कंपनी पळून गेली, इमू राहिले." पाच-सहा वर्षांची एक मुलगी आजीचा हात ओढत होती. आजीला पक्षी दिसत नव्हता. ती पांढऱ्यातच शोधत होती. "द ब्लॅक बिट इज द बर्ड, आजी!" मुलगी ओरडली, आणि आजी म्हणाली, "अगं बाई, हा एवढा मोठा!"

समोरची मोठी भिंत रिकामी होती. वाचनालयातल्यांनी तिथे दुसरं काही लावू का असं विचारलं तेव्हा बाईंनी नको म्हटलं. त्या शेवटच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मी चहा नेऊन दिला, त्यांनी घेतला, आणि माझ्याशी त्या दिवशी तेवढंच.

बहिणीचं उत्तर मंगळवारी आलं. प्रदर्शन त्या शुक्रवारी संपणार होतं. बाईंनी मला बोलावलं नव्हतं, मी कंगवे आणि रंग पोचवायला गेले होते, तेव्हा फोन चालू होता.

मैत्रीण म्हणाली, तिथे लावायचं नाही. फाडायचंही नाही, तू मन लावून काढलंस हे बहिणीला कळतंय. ते इकडे पाठव. आमच्याकडे राहील.

"बघायला परत मिळेल?" बाईंनी विचारलं.

"इकडे आलीस तर."

बाईंचं वय, त्यांचे डॉक्टर, तो प्रवास, हे दोघींनाही ठाऊक होतं. बाई म्हणाल्या, "बरं." मग दोघी गुडघ्यांबद्दल बोलल्या, बराच वेळ, आणि मैत्रीण एकदा मोठ्यानं हसली.

रविवारी आम्ही ते बांधलं. दुकानातून मी जाड पुठ्ठ्याची लांब नळी आणि बटर पेपर नेला होता. कॅनव्हास चौकटीवरून सोडवायला तासभर लागला. बाईंना खिळे उपसता येत नव्हते, त्या मोजून डब्यात टाकत होत्या. रंगवलेलं कापड गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवायची असते, आत ठेवली तर रंगाला सुरकुत्या पडून तडे जातात. म्हणून आधी त्यावर बटर पेपर अंथरायचा.

पेपर कापत असताना माझ्या डोक्यात आलं. बाहेर ऊन होतं, ड्राइव्हवे रिकामा होता, मुलगा गाडी घेऊन गेला होता.

"बाई, दोन मिनिटं. दार वर करते, चित्र आत उभं धरते. तुम्ही पार फुटपाथपर्यंत जा आणि बघा. एकदाच."

बाईंनी दाराकडे पाहिलं. जरा वेळ पाहिलं.

"रस्त्यावरून लोक जातात," त्या म्हणाल्या.

"आत्ता कुणी नाही."

"तू आहेस की."

त्या गुडघ्यावर हात टेकून खाली बसल्या आणि बटर पेपरचं टोक माझ्याकडे सरकवलं. आम्ही तो चित्रावर पसरला. मग एका टोकाला त्या आणि दुसऱ्या टोकाला मी, नळीवर गुंडाळत निघालो. माझी बाजू पुढे जायची, बाई "हळू" म्हणायच्या, आणि मी थांबायचे.